प्रवाळाची छाट: तीन शतकांची कात्री

एप्रिल २०२४ मध्ये ‘नोआ’ या अमेरिकी सागरी संस्थेने प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्याच सुमारास केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने लक्षद्वीपच्या प्रवाळभित्ती मोठ्या प्रमाणावर पांढऱ्या पडल्याचे सांगितले. अशा बातम्यांच्या शेवटी हल्ली एक आशादायक वाक्य हमखास असते: प्रवाळांच्या ‘रोपवाटिका’ उभारल्या जात आहेत, निरोगी प्रवाळांचे तुकडे करून ते वाढवले जात आहेत. पण तुकडा करून प्रवाळ वाढवता येते हे माणसाला कसे कळले, आणि हे काम करताना प्रवाळ, त्याचे शेजारी व कापणारा माणूस या तिघांनाही इजा होऊ नये यासाठीची सावधगिरी कुठून आली, हे त्या बातम्यांत सहसा नसते. तो इतिहास बराचसा समुद्रापासून दूर घडला आहे. हेग, लंडन, बर्लिन अशा शहरांत, काचेच्या भांड्यांत.

म्हैसूर हे त्या यादीत शोभणारे शहर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंची, नळाला कावेरी-कबिनीचे गोडे पाणी, आणि पश्चिमेचा समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. तरीही आज अशा शहरातील दिवाणखान्यात मिठाची पिशवी, गाळलेले पाणी, निळसर दिवा आणि एक पंप यांच्या बळावर मृदू प्रवाळ जगू शकते. इतकेच नव्हे, तर गुलाबाच्या छाट कलमाप्रमाणे त्याचा तुकडा लावून दुसरे प्रवाळ तयार करता येते. गुलाब आणि प्रवाळ यांच्यातला फरक मात्र मोठा आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि ही साधी गोष्ट मान्य होण्यासाठीच कात्रीची गरज पडली होती.

मराठी घरांत प्रवाळाची ओळख पोवळे म्हणून आहे. नवरत्नांतले तांबडे रत्न, मंगळाचा खडा, आयुर्वेदातील प्रवाळभस्म. हे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येई. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी ते लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्याच्या बाजूने हा व्यवहार सांभाळणाऱ्यांत कामत घराण्यातील सारस्वत व्यापारी होते. कधीही न भेटलेल्या, वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या भाषेच्या माणसांनी केवळ पत्रांच्या भरवशावर चालवलेला हा व्यापार इतिहासकारांच्या विशेष आवडीचा आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यातली गंमत वेगळीच. पोवळे कठीण असले, तरी ते भित्ती बांधणाऱ्या दगडी प्रवाळांच्या कुळातले नाही. त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठ संस्पर्शक असतात आणि प्रत्येक संस्पर्शकाला पिसासारखी किनार असते. म्हणजे ते अष्टभुज प्रवाळ आहे. हौशी मत्स्यालयातील सार्कोफायटन, सिन्युलारिया, झेनिया ही मृदू प्रवाळे त्याची चुलत भावंडे. अंगठीतला खडा आणि टाकीत डोलणारी मांसल छत्री एकाच घराण्यातली आहेत, असे सांगितले तर पुष्कळांचा विश्वास बसणार नाही.

१७०६ मध्ये मार्सिली या इटालियन निसर्गअभ्यासकाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले आणि त्यावर पांढरी ‘फुले’ उमललेली पाहिली. फुले आहेत म्हणजे वनस्पती आहे, असा निष्कर्ष निघाला. मार्सेयचे वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हाच प्रयोग बारकाईने केला. स्पर्श केला की ही फुले मिटतात, ती अन्न पकडतात, म्हणून हे प्राणी आहेत, असे त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. त्या काळचे दिग्गज रेओम्यूर यांना हे इतके अशक्य वाटले की १७२७ मध्ये हा विषय अकादमीपुढे मांडताना त्यांनी पेसोनेल यांचे नाव घेतले नाही. त्यांची नाचक्की होऊ नये म्हणून, असे त्याचे कारण दिले जाते. सौजन्य आणि उपेक्षा यांतली रेषा किती पुसट असू शकते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही कोंडी फोडली ती गोड्या पाण्यातल्या एका क्षुद्र जीवाने. जिनिव्हाचे अब्राहम ट्रेंब्ले हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवत असत. १७४० च्या उन्हाळ्यात तळ्यातील पाण्यात त्यांना हिरवट, तंतुमय जीव दिसले. आज आपण त्यांना हायड्रा म्हणतो. ती वनस्पती की प्राणी हे ठरवण्यासाठी ट्रेंब्ले यांनी त्या काळच्या समजुतीनुसार सोपी कसोटी निवडली. दोन तुकडे करायचे. दोन्ही जगले तर वनस्पती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी कात्री चालवली. दोन्ही तुकडे जगले, पूर्ण झाले, आणि मग चालू लागले, शिकार करू लागले. कसोटी उलटली. कापून वाढणारा प्राणी असू शकतो, हे युरोपला पहिल्यांदा मान्य करावे लागले. हायड्राचे पॉलिप पाहिल्यावर रेओम्यूर यांनीही पेसोनेल यांचे म्हणणे खरे असल्याचे जाहीरपणे कबूल केले. प्रवाळ हा प्राणी आहे या सिद्धांतामागे अशा रीतीने एका छोट्याशा कात्रीचा मोठा वाटा आहे. १७४४ मध्ये प्रसिद्ध झालेला ट्रेंब्ले यांचा ग्रंथ प्रायोगिक जीवशास्त्राच्या आरंभीच्या ग्रंथांत गणला जातो.

तरी खऱ्या प्रवाळाला घरात जगवणे वेगळे होते. गोडे पाणी कुठेही मिळते. समुद्राचे पाणी साठवले की काही दिवसांत कुजते. इथे लंडनच्या ॲना थिन यांचे नाव घ्यावे लागते. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना जिवंत ‘मॅड्रिपोर’, म्हणजे थंड पाण्यातली एकांडी दगडी प्रवाळे दिसली. त्यांनी ती एका दगडी बरणीत घालून लंडनला आणली. प्रवासात ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी ती सुई-दोऱ्याने एका मोठ्या स्पंजला शिवली होती. समुद्राचे पाणी थोडेच होते. मग ते पाणी खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती योजली गेली. ओतण्याचे काम घरातील मोलकरणीकडे होते. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव नोंदले गेलेले नाही. पण मत्स्यालयातला पहिला ‘एअर पंप’ म्हणजे तिचे हात होते, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी थिन यांनी त्यात समुद्री शैवाल ठेवले आणि प्राणी-वनस्पतींचा तोल साधला. प्रवाळे जगली, वाढली, त्यांची संख्याही वाढली. त्यांचा निबंध १८५९ मध्ये छापला गेला, आणि त्याचा विषयच मॅड्रिपोरांची वृद्धी हा होता. दरम्यान फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये क्षार मोजून मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार केले. म्हैसूरच्या टाकीत आज पिशवीतून ओतले जाणारे मीठ हे त्या कृतीचे वारसदार. २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार, एवढे जमले की किनाऱ्याचे भौगोलिक बंधन उरत नाही.

यानंतर शंभर वर्षे उष्ण कटिबंधातील प्रवाळे मात्र टाकीत टिकेनात. त्यांना पाण्याइतकाच प्रकाश हवा असतो, कारण त्यांच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते व प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेली साखर यजमानाला देते. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट यांनी या शैवालांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले होते, पण शास्त्रीय नाव माहीत असणे आणि त्याची गरज भागवणे यांत अंतर असते. १९६१ मध्ये जाकार्तातील ली चिन एंग यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ लिहून काढली: समुद्रातून आणलेले जिवंत खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि भरपूर ऊन. गाळणी नाही, रसायने नाहीत. खडकातले जिवाणूच पाणी शुद्ध करतात, हे त्यांनी प्रयोगशाळेबाहेर राहून ओळखले होते.

उन्हाची उणीव असलेल्या युरोपात ही कल्पना पोचली तेव्हा तिला यंत्रांची जोड मिळाली. पीटर विल्केन्स, डिट्रिख श्ट्यूबर आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर यांची सांगड घातली. स्किमरचे भौतिकशास्त्र सुरेख आहे. प्रथिने व मेदाम्लांसारख्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून असते आणि दुसरे पाण्यापासून पळते. असे रेणू हवा-पाण्याच्या सीमेवर गर्दी करतात. टाकीच्या पाण्यात लाखो बारीक बुडबुडे सोडले की ही सीमा प्रचंड वाढते. बुडबुडे वर चढताना घाण सोबत नेतात आणि तिचा फेस बाहेर काढून टाकता येतो. समुद्रकिनाऱ्यावर वादळानंतर साचणारा फेस याच तत्त्वाचा. १९८० च्या दशकात श्ट्यूबर यांनी या पद्धतीने ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळाचा तुकडा वाढवला, त्याचे तुकडे करून मित्रांना दिले, त्यांनी आपल्या मित्रांना दिले. समुद्रापासून दूर असलेल्या शहरातून एक प्राणी कलमांच्या रूपाने युरोपभर पसरला. कोकणातला आंबा एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, तसाच.

मृदू प्रवाळे त्याहून सोपी निघाली, आणि त्याचे कारण त्यांच्या शरीरात आहे. त्यांना चुन्याचा अखंड सांगाडा नसतो. मांसल शरीरात कॅल्साइटचे सूक्ष्म काटे, म्हणजे स्क्लेराइट, विखुरलेले असतात. कापताना हाड मोडावे लागत नाही. धारदार पात्याने सार्कोफायटनच्या छत्रीची कड कापली तर तो तुकडा आकसतो, चिकट स्राव सोडतो, काही दिवस मरगळल्यासारखा दिसतो आणि मग एक-दोन आठवड्यांत खडकाला धरून पुन्हा पॉलिप उघडतो. निसर्गात ही मृदू प्रवाळे स्वतःच असे करतात. इस्रायलमधील आयलात येथे डाहान आणि बेनायाहू यांनी १९९७ मध्ये दाखवले की डेंड्रोनेफ्थिया हे प्रवाळ स्वतःचे जेमतेम काही मिलिमीटरचे तुकडे गाळते आणि ते तुकडे एक-दोन दिवसांत मुळांसारख्या धाग्यांनी तळाला चिकटतात. झेनिया तर कात्रीची वाटही पाहत नाही. शेजारच्या खडकावर स्वतः सरकत जाऊन वसाहत करते. माणसाने शोध लावला असे म्हणण्यापेक्षा, प्राण्याच्या जुन्या सवयीत तो सामील झाला असे म्हणणे बरोबर ठरेल.

अडचण एकच असते, चिकटपणाची. स्रावामुळे गोंद टिकत नाही. म्हणून हौशी लोक तुकडा खडकाच्या खड्यावर विरळ जाळीखाली झाकून ठेवतात, सैल रबराने धरतात, किंवा चक्क सुई-दोऱ्याने शिवतात. ॲना थिन यांना हे पाहून नवल वाटले नसते. दोरा घट्ट आवळला तर ऊती कापल्या जातात आणि तुकडा कुजतो. प्रवाह कमी असेल तर स्राव साचून कुजतो. मूळ वसाहत आधीच आजारी असेल तर दोन्ही जातात. म्हणून जाणकार नुकत्याच विकत आणलेल्या प्रवाळाला महिना-दीड महिना हात लावत नाहीत, आणि एका वेळी एकाच वसाहतीवर पाते चालवतात.

या सोपेपणाने एक गैरसमज मात्र रुजवला: मृदू म्हणजे निरुपद्रवी. वास्तवात, अंगावर कवच नसलेल्या आणि जागचे हलू न शकणाऱ्या प्राण्याला जगायचे असेल तर त्याने रसायनांचा आश्रय घेणे अपरिहार्य असते. १९७४ मध्ये तेल अवीवच्या रसायनशास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रातील सार्कोफायटनमधून सार्कोफाइन हे टर्पीन वर्गातले संयुग वेगळे केले. भारतातही वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात अंदमानच्या मृदू प्रवाळांवर आणि गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री जीवांच्या रसायनांवर पुढे बरेच काम झाले. शोध औषधांचा होता. ही रसायने प्रत्यक्ष समुद्रात काय करतात, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात जॉन कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. १९८२ च्या त्यांच्या प्रयोगात पाण्याखाली, जिवंत मृदू प्रवाळाशेजारचे पाणी पंपाने शोषून रेणू धरून ठेवणाऱ्या नळ्यांतून सोडले गेले. त्या नळ्यांत प्रवाळाची विषे सापडली. म्हणजे प्रवाळ विष अंगात बाळगते एवढेच नाही. ते पाण्यात सोडते. शेजारचे दगडी प्रवाळ खुरटते किंवा मरते, ते स्पर्श न होताच.

भित्तीवर हे विष अफाट पाण्यात विरून जाते. दोनशे लिटरच्या टाकीत ते कुठे जाणार? आणि कापताना तर जखमेतून एरवीपेक्षा कितीतरी जास्त स्राव बाहेर पडतो. त्यामुळेच छाट टाकीत न करता बाहेर, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात करायची, तुकडे धुऊन मगच परत ठेवायचे, ते भांड्यातले पाणी फेकायचे, आणि नंतर काही दिवस टाकीत सक्रिय कोळसा चालू ठेवायचा, ही पद्धत रूढ झाली. कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो आणि टर्पिनांसारखे रेणू तिथे चिकटून बसतात. कॉल यांच्या नळ्यांचे आणि हौशी माणसाच्या कोळशाच्या पिशवीचे तत्त्व एकच. एकाने मोजण्यासाठी वापरले, दुसऱ्याने वाचवण्यासाठी. हा कोळसा बहुधा नारळाच्या करवंट्यांपासून केलेला असतो, ही गोष्ट किनारपट्टीवरच्या वाचकाला आवडावी.

पण सर्वांत धोकादायक प्रकरण मृदू प्रवाळांचे नाहीच. त्यांच्या नावाखाली, त्यांच्याच शेजारी, दुकानात त्याच कप्प्यात ठेवल्या जाणाऱ्या एका वेगळ्या प्राण्याचे आहे. झोअँथिड हे रंगीत बटणांच्या गालिच्यासारखे दिसणारे जीव सहा-सहांच्या हिशेबाने बांधलेल्या प्रवाळांच्या कुळातले, म्हणजे समुद्रपुष्पांच्या जवळचे. बाजारात आणि बोलण्यात मात्र ते सरसकट मृदू प्रवाळ ठरतात. वर्गीकरणातली ही ढिलाई केवळ पंडिती चिंतेचा विषय नाही.

हवाई बेटांपैकी माउईवर, हाना जिल्ह्यात, एका खडकाळ डबक्यातील ‘प्राणघातक शेवाळ’ स्थानिकांच्या कथांत होते. त्या शेवाळाने माखलेले भाले जिव्हारी लागत, आणि ते डबके निषिद्ध मानले जाई. ३१ डिसेंबर १९६१ रोजी हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथून नमुने गोळा केले. त्याच दिवशी ओआहू बेटाजवळील त्यांच्या सागरी प्रयोगशाळेला आग लागली. योगायोगच, पण स्थानिकांना त्यात योगायोग दिसला नाही. ते शेवाळ नव्हते. पॅलिथोआ नावाचे झोअँथिड होते. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातले विष वेगळे करून ‘पॅलिटॉक्सिन’ या नावाने जाहीर केले. किलोमागे मायक्रोग्रॅमचा एक लहानसा अंश उंदराला मारण्यास पुरे. रेणूही अजस्र: कार्बनचे १२९ अणू, ६४ असममित केंद्रे. १९८१ मध्ये हवाई आणि नागोया येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याची रचना उलगडली. हार्वर्डमधील योशितो किशी यांच्या गटाने १९९४ मध्ये ते प्रयोगशाळेत पूर्ण घडवले आणि सेंद्रिय रसायनशास्त्राने शिखर सर केल्याचा आनंद साजरा झाला.

ते मारते कसे, हे त्याहून विलक्षण आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक प्रथिन-पंप असतो. त्याच्या शोधासाठी येन्स स्कौ यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पंपाला दोन दारे असतात आणि ती कधीही एकाच वेळी उघडी नसतात. त्यातच त्याचे पंपपण आहे. पॅलिटॉक्सिन त्याला अशा रीतीने चिकटते की दोन्ही दारे एकदम उघडी राहतात. पंपाचे भोक होते. कष्टाने उभा केलेला विद्युतदाब क्षणात गळून जातो, स्नायू आखडतात, पेशी फुटतात.

हवाईतील त्या डबक्याचे आणि दिवाणखान्यातील टाकीचे नाते चिकित्सकांना फार उशिरा कळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जोनाथन डीड्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील मत्स्यालयांच्या दुकानांतून विकत घेतलेल्या झोअँथिडांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काहींत विष जवळजवळ नव्हते; काहींत अतिशय मोठ्या प्रमाणात होते, आणि ते नुसत्या नजरेने ओळखणे भरवशाचे नव्हते. या तपासाच्या मुळाशी एक घरगुती घटना होती. नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी कोणीतरी खडकावर उकळते पाणी ओतले होते आणि उठलेल्या वाफेने त्याला गंभीर श्वसनविकार झाला होता. उकळत्या पाण्याने हे विष नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडालेल्या सूक्ष्म थेंबांतून ते फुप्फुसांपर्यंत जाते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अलास्कातील २०१२ ते २०१४ या काळातील अशा घटनांचा अहवाल दिला. त्यात प्रवाळाला हातही न लावलेली, केवळ त्याच घरात असलेली माणसे आजारी पडली होती. ताप, खोकला, छातीत घट्टपणा, तोंडात धातूसारखी चव. कोणत्याही दवाखान्यात याला फ्लू म्हणून पाठवले जाईल. समुद्र न पाहिलेल्या शहरातील डॉक्टरला रुग्णाच्या दिवाणखान्यात प्रवाळ असेल असे सुचणार तरी कसे? रुग्णाने स्वतः सांगितले तरच.

आजच्या खबरदारीची प्रत्येक बाब अशा एखाद्या प्रसंगातून आलेली आहे. हातमोजे, कारण जखमेतून विष रक्तात जाते. चष्मा, कारण दाबलेला पॉलिप पिचकारीसारखे पाणी उडवतो आणि डोळ्याच्या पारपटलाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उकळते पाणी नाही, वाफ नाही, दाबाचा फवारा नाही, वाळलेला खडक घासणे नाही. हत्यारे आणि टाकून द्यायचे तुकडे ताज्या ब्लीचच्या सौम्य द्रावणात अर्धा तास. बाजारातील पाच-सहा टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग, दहा भाग पाणी, आणि त्यात आम्ल कधीही नाही. मुले आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. पॅलिथोआबाबत तर सरळ सांगावे की घरात त्याची छाट करूच नये. ज्याला छाटीचा आनंद हवा आहे त्याच्यासाठी सार्कोफायटन आणि सिन्युलारिया पुरेशी आहेत.

ब्लीचचे आणखी एक कारण आहे, आणि ते माणसाच्या नव्हे तर समुद्राच्या सुरक्षिततेचे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर हिंद-प्रशांत महासागरातील एक मृदू प्रवाळ, युनोमिया, गेल्या दोन दशकांत खडकांवर आणि समुद्री गवतावर पसरले आहे. ते हौशी मत्स्यालयांच्या व्यापारातून तिथे पोचले असावे असे अभ्यासकांचे मत आहे. तुकड्यातून वाढण्याचा जो गुण टाकीत कौतुकाचा, तोच तिथे शाप ठरला. कारण उपटून काढायला गेले की तुकडे होतात. म्हैसूरच्या गटारात पडलेला तुकडा गोड्या पाण्यात मरेल हे खरे. मुंबई, पणजी किंवा मंगळूरच्या गटाराबद्दल तसे म्हणता येणार नाही.

भारतात या छंदाला कायद्याची चौकटही आहे, आणि ती पुष्कळांच्या कल्पनेपेक्षा कडक आहे. २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि सर्व समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली, वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या वाळूत सापडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही घरी नेणे त्यामुळे साधी गोष्ट उरली नाही. भारतीय समुद्रातून जिवंत खडक आणणेही तसेच, कारण तो खडक बहुधा प्रवाळाचाच असतो. सार्कोफायटनसारख्या मृदू प्रवाळांचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नव्हते, आणि वन्यजीव व्यापारावरच्या ‘सायटीस’ करारातही दगडी प्रवाळे आहेत तशी ती नाहीत. याचा अर्थ ती वाटेल तिथून उचलावीत असा नव्हे. हौशी माणसाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे: समुद्रातून काढलेले नव्हे, तर दुसऱ्याच्या टाकीत वाढलेले कलम घ्यावे, आणि ते कुठून आले याचा कागद मागावा. घरगुती छाटीचे नैतिक समर्थनही इथेच आहे. टाकीत वाढलेला प्रत्येक तुकडा भित्तीवरून न तोडलेला तुकडा असू शकतो. पण तसे खरोखर घडते ते विकत घेणारा विचारत असेल तरच.

टाकीतली ही विद्या समुद्रात परतली, ती मात्र दगडी प्रवाळांच्या रूपाने. फ्लोरिडात केन नेडिमायर हे मत्स्यालयांसाठी समुद्रात परवान्याने खडक वाढवत. त्या खडकांवर स्टॅगहॉर्न प्रवाळाची पिले आपणहून येऊन बसली. ती तोडून-लावून वाढवता येतात हे त्यांना हौशी मंडळींच्या कामावरून ठाऊक होते. त्यातून २००७ मध्ये प्रवाळ पुनर्स्थापनेची एक संस्था उभी राहिली. भारतात तुतिकोरिनच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेने २००२ पासून मन्नारच्या आखातात प्रवाळांचे तुकडे लावण्याचे काम केले, आणि गुजरातेत मिठापूरला वन विभागासह असेच प्रयत्न झाले. या तुकड्यांची मर्यादा सर्वांना माहीत आहे. सगळे तुकडे एकाच आईचे, म्हणून एकाच तापमानाला हरणारे. वैविध्य हवे तर अंडी आणि शुक्रपेशींची वाट पाहावी लागते, आणि तिथे घाई चालत नाही. बेनायाहू आणि लोया यांनी १९८६ मध्ये दाखवल्यानुसार सार्कोफायटन वयात यायलाच अनेक वर्षे घेते आणि मग वर्षातून एकदाच, थोड्या रात्रींत, सगळे एकदम अंडी सोडते.

मुंबईत २०२० मध्ये सागरी किनारा मार्गाच्या वाटेत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे आली. अनुसूचीतला प्राणी असल्याने वन विभागाची परवानगी लागली, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या वसाहती मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे हलवल्या गेल्या. एकूण वसाहती होत्या अठरा. लाखो वाहनांसाठी बांधल्या जाणाऱ्या रस्त्याला त्या अठरा वसाहतींसाठी थांबून परवानगी मागावी लागली होती.